सहा दिवसांत अंदमान, तेही सासूबाई आणि नऊ वर्षांच्या मुलासोबत

पत्र: नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं अंदमानला चाललोय. मी, मिस्टर, सासूबाई (वय ७२, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे) आणि मुलगा (वय ९). विमानाची तिकिटं काढून झाली, हॉटेलं आणि बोटी अजून बुक करायच्यात. एजंटने पाच रात्री-सहा दिवसांचा प्लॅन दिलाय. पहिल्या दिवशी दुपारी पोर्ट ब्लेअर, लगेच सेल्युलर जेल, रॉस बेट आणि लाइट अँड साउंड शो. दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला निघून बाराटांग. तिसऱ्या दिवशी हॅवलॉक, चौथ्या दिवशी एलिफंट बीच करून संध्याकाळी नील. पाचव्या दिवशी नील बघून शेवटच्या बोटीने परत. सहाव्या दिवशी सकाळी मिस्टरांचं स्कूबा आणि दुपारी विमान. एजंट म्हणतो, "एवढ्या पैशात सगळं कव्हर होतंय." पण सासूबाईंना बोट झेपेल का, मुलगा पाण्याला अजिबात घाबरत नाही याचीच मला भीती वाटते, आणि बाराटांगच्या रस्त्यावर आदिवासी दिसतात म्हणे, ते खरं का? सोबत काय न्यावं तेही सांगा. — एक वाचक, सातारा

उत्तर:

नमस्कार ताई,

तिकिटं काढलीत हे बरं झालं, आणि बाकी काही काढलं नाहीत हे त्याहून बरं. हा प्लॅन अजून दुरुस्त करता येतो. तो करायलाच हवा, कारण तुमच्या एजंटने अंदमानचा नकाशा बघितलाय, समुद्र बघितलेला नाही. सहा दिवसांत सगळं "कव्हर" करायच्या नादात त्याने प्रत्येक दिवस पुढच्या दिवसाला असा बांधलाय की एक बोट रद्द झाली तर सगळी माळ तुटेल. तुम्ही जाताय त्या दिवसांत बोट रद्द होणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

आधी हवामानाचं बोलू. आपल्याकडे दिवाळीला पाऊस गेलेला असतो, आकाश स्वच्छ असतं. अंदमानात तसं नाही. तिथे नैऋत्य मोसमी पाऊस मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यातच पोचतो, केरळच्याही आधी, आणि तो ओसरला की ईशान्येकडचे वारे सुरू होतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा काळ. याचा अर्थ रोज पाऊस पडेल असा नाही. नोव्हेंबरात तिथे लख्ख उन्हाचे दिवस खूप असतात, आणि अशा दिवशी पाण्याचा रंग बघून तुमचा मुलगा बोलायचा थांबेल. पण कमी दाबाचा पट्टा तयार झाला की बंदर विभाग बोटी थांबवतो, आणि मग कोणाचीही ओळख चालत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच एका पट्ट्यामुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते. नौदल आणि तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना पोर्ट ब्लेअरला आणलं. तेच वादळ पुढे "वरदा" नावाने चेन्नईवर गेलं. हे घाबरवायला सांगत नाही. सहल रद्द करा असंही म्हणत नाही. पण त्या बेटांवर जाणाऱ्याने परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची, आणि त्या दिवशी शेवटच्या नाही तर सकाळच्या बोटीने यायचं, हा नियम मी तरी कोणाला मोडू देत नाही. सकाळची बोट रद्द झाली तर दुपारची मिळण्याची आशा असते. शेवटची रद्द झाली की विमान गेलंच.

दुसरी गोष्ट सूर्याची. अंदमान भारतीय वेळेवर चालतं, पण ते आपल्यापासून इतकं पूर्वेला आहे की नोव्हेंबरात तिथे पाचच्या आतबाहेर सूर्य मावळतो आणि सकाळी पाच-सव्वापाचला उजाडतं. साताऱ्यात सहाला उन्हं उतरतात त्या वेळी तिथे मिट्ट काळोख असतो. एजंटच्या प्लॅनमध्ये पहिल्या दिवशी दुपारी उतरून जेल आणि रॉस बेट दोन्ही आहे ते म्हणूनच जमणार नाही. विमानतळावरून हॉटेल, आंघोळ, जेवण होईपर्यंत तीन वाजतात आणि हातात दोन तासांचा उजेड उरतो. तिथे गेल्यावर घड्याळ आहे तसं ठेवा, पण दिवसच दीड तास अलीकडे ओढा. साडेचारला उठा, सहाला बाहेर पडा, अकरा ते दोन खोलीत पंख्याखाली आडवे व्हा, पुन्हा अडीचला निघा. म्हातारी माणसं आणि मुलं यांना हे वेळापत्रक फार छान मानवतं. अडचण येते ती आपल्यासारख्या नऊला नाश्ता करणाऱ्यांना.

आता बाराटांग. याबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण तुम्ही "आदिवासी दिसतात म्हणे" असं विचारलंय आणि हा प्रश्न पुष्कळजण विचारतात, बहुतेक वेळा कुतूहलानेच.

पोर्ट ब्लेअरहून बाराटांगला जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या थांबवतात, कागद तपासतात आणि ठरलेल्या वेळी पोलिसांच्या सोबतीने ताफा सोडतात. पहिला ताफा गाठायचा म्हणून पहाटे तीनला उठायचं. आत गाडी थांबवायची नाही, काचा खाली करायच्या नाहीत, फोटो काढायचे नाहीत, काही द्यायचं नाही. हा सगळा कायदा आहे, १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमावलीचा, आणि मोडला तर दंडाबरोबर कैदही होऊ शकते. जारवा उरलेत काही शे. १९९८ च्या सुमारास ते जंगलातून बाहेर येऊ लागले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्या मुलांना लस टोचून आपण विसरून जातो तो आजार त्यांच्यासाठी जिवावरचा होता. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हा रस्ता त्यांच्या भागात बंद करायला सांगितलं होतं. पुढे २०१३ मध्ये पर्यटकांच्या गाड्यांवर काही आठवडे बंदीही घातली होती. रस्ता चालूच आहे. उत्तरेकडच्या गावांतल्या लोकांना दवाखान्याला, बाजाराला यायला तो लागतो, आणि त्यांची गरज मला समजते. आपली सहल ही मात्र गरज नाही.

हो, ते कधीकधी रस्त्याच्या कडेला दिसतात. आणि नेमकं तेवढ्यासाठी गाड्यांमध्ये माणसं खिडकीला नाक लावून बसतात. तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाने माणसं बघायला गाडीतून जावं, आणि ती माणसं कशी आहेत याचं पहिलं शिक्षण त्याला तसं मिळावं, असं तुम्हाला वाटत नसणार. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी बघण्यासारखे आहेत, नाही म्हणत नाही. पण त्यासाठी येऊनजाऊन दोनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, मध्ये खाडी ओलांडणं, छोट्या बोटीतून खारफुटीतून जाणं आणि मग उन्हात, खडबडीत पायवाटेने गुहेपर्यंत चालणं आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांकडे बघून मी हा दिवस तसाही काढूनच टाकला असता. बाराटांग काढा. तुमच्या सहलीला जो मोकळा दिवस हवाय, तो इथेच आहे.

तो काढला की असं बसतं. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, दुसरी आणि तिसरी हॅवलॉक, चौथी नील, पाचवी पुन्हा पोर्ट ब्लेअर. हवा बिघडल्याची चिन्हं असतील तर नील गाळा आणि हॅवलॉकहून सरळ परत या. तिकिटांवर नावं नवीन दिसतील. हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप हे २०१८ मध्ये झालं, आणि पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम २०२४ मध्ये. बोलताना रिक्षावाले, हॉटेलवाले जुनीच नावं घेतात, त्यामुळे गोंधळ होत नाही, फक्त ऑनलाइन बुकिंग करताना दोन्ही नावांनी शोधा.

बोटींचं. खाजगी वेगवान बोटी हॅवलॉकला दीड ते दोन तासांत नेतात. मॅक्रुझ, ग्रीन ओशन, नॉटिका ही त्यातली नावं. सरकारी बोटी स्वस्त आणि हळू, आणि त्या मुळात बेटांवर राहणाऱ्या लोकांसाठी आहेत. सुट्टीच्या दिवसांत आपण त्यांची जागा अडवू नये असं मला वाटतं, तेव्हा खाजगीच घ्या. दिवाळीत सकाळच्या बोटी आधी भरतात, म्हणून हॉटेलच्या आधी बोटीचं तिकीट काढा आणि बोटीप्रमाणे हॉटेलच्या तारखा ठरवा, उलट नको. तिकिटावरची नावं आधारवरच्या स्पेलिंगप्रमाणे हवीत आणि मूळ ओळखपत्र जवळ हवं, मुलाचंसुद्धा.

सासूबाईंना बोट झेपेल का? बसायला झेपेल. आत विमानासारख्या खुर्च्या असतात, स्वच्छतागृह असतं. खरी कसरत चढताना-उतरताना आहे. बोट धक्क्याला बांधलेली असली तरी लाटेबरोबर वर-खाली होत राहते, आणि धक्का व बोट यांच्यात एक फळी टाकलेली असते. फळीचं टोकही त्याबरोबर हलतं. दोन्ही बाजूंना खलाशी उभे असतात, ते हात देतात. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा: पिशवी हातात नको, साडीऐवजी पंजाबी ड्रेस किंवा निदान घोट्याच्या वर खोचलेली साडी, पायात मागे पट्टा असलेली चप्पल, आणि खलाशी "आओ" म्हणेल तेव्हाच पाऊल टाकायचं. बोट वर आली की तो म्हणतो. मनाने घाई केली की पाय चुकतो. मागून रांग ढकलत असते, तिला ढकलू द्या. तुम्ही सासूबाईंच्या मागे, मिस्टर पुढे, मुलगा मिस्टरांच्या हाताला. चढायला लागणारा वेळ लागू द्या, कोणी काही म्हणत नाही.

बोट लागण्याबद्दल: नोव्हेंबरात समुद्र शांत असेलच असं नाही. वातानुकूलित बंद डब्यात ज्यांना मळमळतं त्यांनी खालच्या मजल्यावर, मधल्या किंवा मागच्या भागातली जागा घ्यावी, पुढे नाही. मोबाईल बघू नये, खिडकीतून लांब क्षितिजाकडे बघावं. रिकाम्या पोटी जाऊ नये आणि पुरीभाजी खाऊनही नको. केळं, इडली, कोरडी पोळी एवढंच. आलेपाक जवळ ठेवा. एव्होमिनसारखी गोळी घ्यायची असेल तर ती बोट सुटण्याच्या तास-दोन तास आधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. पण सासूबाईंची बीपीची औषधं चालू आहेत आणि मुलगा लहान आहे, म्हणून निघण्याआधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दोघांच्या गोळीचं विचारून घ्या. सासूबाईंच्या गोळ्या दोन जागी ठेवा, निम्म्या तुमच्या पर्समध्ये. आणि सहा दिवसांऐवजी दहा दिवसांच्या न्या. अडकलात तर हॅवलॉकच्या दुकानात नेमकी तीच गोळी मिळेल याची खात्री नाही. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे, गोविंद बल्लभ पंत रुग्णालय, अगदी सेल्युलर जेलच्या शेजारी.

मुलाचं. पाण्याला न घाबरणारं मूल समुद्रावर सांभाळायला अवघड, तुमची भीती रास्त आहे. हॅवलॉकवरच्या राधानगरची पुळण रुंद, मऊ आणि उतार हळूहळू जाणारा, त्यामुळे लहान मुलांना खेळायला ती चांगली. पण तिथेही जीवरक्षक दाखवतील तेवढ्याच टापूत. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, ही अफवा नाही. २०१० मध्ये राधानगरच्या शेजारच्या नील्स कोव्हमध्ये मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटकाचा मृत्यू झाला होता. मगरी मुख्यतः खाड्यांच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ असतात. म्हणून जिथे ओढा समुद्राला मिळतो तिथे पोहायचं नाही, अंधार पडायच्या सुमाराला पाण्यात राहायचं नाही, आणि सूचनेचा फलक दिसला की वाद घालायचा नाही. फलक हिंदीतही असतात. मुलालाच मोठ्याने वाचायला लावा. आपण वाचलेला नियम मुलं जास्त पाळतात.

मुलाला खरा आनंद मिळेल तो मुखवटा लावून पाण्यावर तरंगत प्रवाळ बघण्यात. स्कूबासाठी साधारण दहा वर्षं पूर्ण लागतात, पण स्नॉर्कलिंगला अडचण नाही. इथूनच लहान मुलाच्या मापाचा मुखवटा घेऊन जा. भाड्याचे मोठ्या माणसांच्या मापाचे असतात, कडेने पाणी शिरतं, आणि एकदा नाकात खारं पाणी गेलं की मुलं पुन्हा तोंड बुडवत नाहीत. घरी बादलीत किंवा तलावात दोन-चार दिवस सराव करून घ्या. लाइफ जॅकेट घालूनच उतरवा, आणि त्याला एक गोष्ट पक्की सांगा: प्रवाळावर उभं राहायचं नाही. तो दगड दिसतो, पण जिवंत आहे, आणि वर्षाला सेंटिमीटरच्या हिशेबाने वाढतो. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी तापल्यामुळे अंदमानातलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं होतं. जे सावरलंय किंवा नव्याने आलंय त्याच्यावर पाय द्यायचा नाही. माशांना बिस्किटं, पाव टाकायला गाइड सांगतात तेही करू नका. अंगाला भरमसाट सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाला. तो मुलाचंही रक्षण करतो आणि पाण्यातही काही मिसळत नाही.

एलिफंट बीचला हॅवलॉकच्या धक्क्यावरून छोट्या वेगवान बोटीने जातात. ती लाटांवर आपटत जाते, आणि किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उतरायला लावते. सासूबाईंनी यायचं नाही. त्या दिवशी त्यांना हॉटेलच्या बागेत शहाळं पिऊ दे, किंवा तुम्हा दोघांपैकी एकाने त्यांच्याबरोबर काळापत्थरच्या किनाऱ्यावर रिक्षाने जाऊन यावं. तिथे रस्त्यालगतच समुद्र आहे, चालावं लागत नाही. सगळ्यांनी सगळीकडे एकत्र जायचं हा हट्ट सोडलात तर घरातलं मोठं माणूस "मी नसते आले तर बरं झालं असतं" असं म्हणणार नाही.

तुम्ही दिवाळीत जाताय, म्हणजे अमावास्येच्या आसपास. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण साताऱ्याला सांगते: अमावास्येला उधाणाची भरती असते, आणि तितकीच खोल ओहोटीही. नीलवरची दगडाची नैसर्गिक कमान, जिला तिथे हावडा ब्रिज म्हणतात, ती ओहोटीलाच गाठता येते. ओहोटी खोल असली की कमानीच्या पायथ्याशी खडकांच्या खाचांमध्ये पाणी साचून राहतं आणि त्या डबक्यांमध्ये काय काय सापडतं! काळ्या जाड काकडीसारखा, हळूहळू सरकणारा समुद्री जीव, शंखात राहणारा खेकडा, बोटाएवढे निळे मासे, फटीतून डोकावणारा तारामासा. स्थानिक वाटाडे घ्या, ते हात न लावता दाखवतात आणि नावं सांगतात. मुलाला तासभर तिथून हलवता येणार नाही, तेव्हा पाणी आणि टोपी बरोबर हवी. वेळ मात्र आपल्याकडच्या भरती-ओहोटीवरून काढू नका, ती तिथे वेगळी पडते. नीलच्या हॉटेलात पोचल्या पोचल्या त्या दिवशीची ओहोटी किती वाजता ते विचारा आणि बाकीचा दिवस त्याभोवती बसवा. वाट धारदार, ओल्या खडकांवरून आहे, सासूबाईंसाठी नाही. त्यांच्यासाठी नीलवर भरतपूरचा किनारा आणि लक्ष्मणपूरचा सूर्यास्त. नील तसं छोटं आणि सपाट बेट आहे, भातखाचरं आणि भाजीचे मळे, आणि त्यांच्यामधून रस्ता. मला हॅवलॉकपेक्षा ते जास्त आवडतं. अमावास्येचा आणखी एक फायदा: चंद्र नसला की हॅवलॉकच्या काही किनाऱ्यांवर रात्री पाणी ढवळलं की निळसर चमकतं. रोज दिसेलच असं नाही, पण दिवे बंद करून दहा मिनिटं काठावर उभं राहून बघायला काय हरकत आहे. पाण्यात न उतरता.

मिस्टरांचं स्कूबा सहाव्या दिवशी सकाळी अजिबात नको. एजंटने हे लिहिलंय ते मला खरोखर धोकादायक वाटतं. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि पेशींमध्ये विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. लगेच विमानात बसलं की केबिनमधल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात आणि सांधे, मज्जारज्जू यांना इजा होऊ शकते. एका साध्या डाइव्हनंतर निदान बारा तास आणि एकाहून जास्त डाइव्ह केले तर निदान अठरा तास उड्डाण नको असं सांगतात. मी चोवीस तास धरायला सांगते. तिसऱ्या दिवशी हॅवलॉकला सकाळी करा, तिथे शिकवणारी चांगली केंद्रं आहेत आणि पोहता येत नसलं तरी प्रशिक्षकाबरोबर उथळ पाण्यातला पहिला अनुभव घेता येतो. आरोग्याचा फॉर्म भरायला देतात, तो खरा भरा. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन लपवायचं नाही. साधी सर्दी असेल तरी त्या दिवशी जाऊ नका, बंद नाकाने कानातला दाब सोडता येत नाही आणि पडदा फाटू शकतो.

पहिल्या दिवशीची दुपार मोकळी ठेवा. सेल्युलर जेल पाचव्या दिवशी, हॅवलॉक-नीलवरून परत आल्यावर करा. सकाळच्या बोटीने आलात तर दुपारचे दोन तास मिळतील, आणि मग अंधार पडल्यावर तिथेच लाइट अँड साउंड शो. हिंदी खेळाचं तिकीट आधी काढून ठेवा, दिवाळीत ऐन वेळी मिळत नाही. सुट्टीचा वारही तेव्हाच विचारा. जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधलं. मधल्या मनोऱ्यापासून सात इमारती चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या होत्या, त्यातल्या तीन उरल्यात. एका इमारतीच्या कोठड्यांचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे येईल अशी रचना होती, म्हणजे कैद्याला समोर दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसू नये. मुलाला एका कोठडीत उभं करून हे दाखवा, शंभर वाक्यांचं काम होईल. सावरकरांना इथे १९११ मध्ये आणलं आणि १९२१ मध्ये इथून हलवलं. त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे. जिने उंच आहेत. सासूबाईंना तिथवर जायची इच्छा असणार, आपल्या पिढ्यांनी ते नाव ऐकत आयुष्य काढलंय. त्यांना हळूहळू, कठडा धरून, मजल्या-मजल्यावर थांबत चढू द्या. हा दिवस दुसऱ्या कशासाठी राखून ठेवू नका. आणि कोठडी बघून लगेच उतरू नका. मनोऱ्यात संगमरवरी फलकांवर कैद्यांची नावं प्रांतवार कोरलीत. बंगाल आणि पंजाबची यादी किती लांब आहे ते मुलाला वाचू दे. खालच्या शेडमध्ये तेलाचा घाणा आहे. त्याला माणूस जुंपायचे आणि दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायला लावायचे.

सोबत काय न्यायचं ते मध्येमध्ये आलंच. राहिलेलं सांगते. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा, बेटांवर एटीएम मोजके आहेत आणि नेटवर्क गेलं की क्यूआर कोडचा उपयोग नाही. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून इंटरनेट बरंच सुधारलंय, पण बाहेरच्या बेटांवर अजून भरवसा नाही. तिकिटं, हॉटेलचे पत्ते कागदावर छापून घ्या. पावसाचे हलके कोट, फोनसाठी जलरोधक पिशवी, प्रत्येकाची पाण्याची बाटली. किनाऱ्यांवर संध्याकाळी बारीक वाळूमाश्या चावतात, त्यांची खाज आठवडाभर राहते. सूर्य कलला की पूर्ण पायजमा घाला, अंगाला मच्छर मलम किंवा चांगलं जाड खोबरेल लावा, ओल्या वाळूवर थेट बसू नका. जेवणाची काळजी नको. हॅवलॉक-नीलवरची वस्ती मुख्यतः पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या कुटुंबांची आहे, डाळ-भात-भाजी घरगुती चवीची मिळते, मासे तर विचारूच नका, आणि हिंदी सगळीकडे चालते.

आणि शंख-शिंपले. मुलगा खिसे भरणार हे नक्की. वाळूत पडलेलंही काही उचलून आणू नका. प्रवाळाचा तुकडा बाळगणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, काही शंखही त्याच कायद्यात येतात, आणि विमानतळावर सामान तपासताना ते काढून घेतात, कधीकधी प्रकरण वाढतं. फोटो काढायचा आणि तिथेच ठेवायचं. न्यायचंच असेल तर पोर्ट ब्लेअरच्या सागरिका या सरकारी दुकानातून घ्या आणि पावती परतीच्या विमानापर्यंत जपा.

आता एजंटला फोन करा आणि या चार गोष्टी त्याच्याकडून लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर चालेल. बाराटांग काढून त्याचे पैसे कमी केले. परतीची बोट पाचव्या दिवशी सकाळची. हवामानामुळे बोट रद्द झाली तर तिकिटाचे पैसे किती दिवसांत आणि कोण परत करणार. आणि त्या रात्री बेटावरच राहावं लागलं तर खोलीचं भाडं कोणी द्यायचं आणि पोर्ट ब्लेअरच्या न वापरलेल्या खोलीचं काय. शेवटच्या दोन प्रश्नांवर तो "तसं कधी होत नाही हो मॅडम" म्हणाला तर बोटी आणि हॉटेलं तुम्हीच थेट बुक करा. अवघड नाही, आणि खोल्या मागताना चारही ठिकाणी सासूबाईंसाठी तळमजला सांगायला विसरू नका.